घरांतील जीवसृष्टि : कासव आणि खारें पाणी

या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत अलीकडे एक प्रश्न वारंवार येऊं लागला आहे. पूर्वीं दिवाणखान्यांत कांचेचा हौद म्हणजे चार सोनेरी मासे आणि दोन पाणवनस्पति, एवढाच थाट असे. आतां कांहीं हौशी घरांतून समुद्राच्या पाण्याचा हौद, त्यांत प्रवाळ आणि रंगीबेरंगी समुद्रमासे, अशी खर्चाची हौस दिसूं लागली आहे. असा हौद घरीं आला, कीं मुलांचा पुढचा हट्ट ठरलेला असतो : यांत एक कासव सोडूं या. बाजारांत नाण्याहून थोडीं मोठीं अशीं हिरवीं पिलें मिळतात. घरांतील वडीलधाऱ्यांस कासव शुभ वाटतें, कारण आपल्या देवळांच्या सभामंडपांत गाभाऱ्यासमोर दगडाचें कासव त्यांनीं लहानपणापासून पाहिलेलें असतें. दुकानदारहि "चालेल" म्हणून सांगून मोकळा होतो. अशा वेळीं घरांतील एखादी विचारी गृहिणी विचारते : हें कासव समुद्राच्या पाण्यांत जगेल काय?

थोडक्यांत उत्तर असें, कीं तें पिलूं त्या पाण्यांत लागलीच मरणार नाहीं, परंतु जगणारहि नाहीं. तें हळूहळू सुकत जाईल. पाण्यांत बुडालेला प्राणी सुकतो कसा, हें समजून घेतलें म्हणजे या प्रश्नाचा बराचसा उलगडा होतो.

एक शब्द, तीन प्राणी

घोटाळ्याचें पहिलें कारण शब्दांतच आहे. मराठींत "कासव" या एका शब्दानें आपण सर्वांची बोळवण करतों. इंग्रजींत तीन शब्द आहेत. समुद्रांत राहणारें, पायांचीं वल्हीं झालेलें, तें टर्टल. जमिनीवर राहणारें, खांबासारख्या पायांचें, तें टॉर्टॉइज. आणि नदी, तळें, खाडी यांच्या पाण्यांत राहून मधून मधून कांठावर उन्हास येणारें, तें टेरापिन. अमेरिकेच्या लोकांच्या बोलण्यांत मात्र टर्टल हा शब्द पुष्कळदां सर्वांसाठीं चालतो. टेरापिन हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील आल्गोंक्विन भाषा बोलणाऱ्या मूळ रहिवाशांपासून इंग्रजांनीं तो उचलला.

आपल्याकडे दुकानांत जें हिरवें पिलूं मिळतें, त्याच्या डोळ्यामागें तांबडा पट्टा असतो. त्यास रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. हें अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतील राहणारें, संथ वाहणाऱ्या गोड्या पाण्यांतलें कासव होय. समुद्राशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावर वेळास येथें अंडीं घालण्यास येणारें ऑलिव्ह रिडले हें समुद्रकासव निराळें आणि हें निराळें. दोघांच्या पाठीवर कवच आहे एवढ्यावरून दोघांस एका पाण्यांत घालणें योग्य नव्हे.

लोणच्याच्या फोडीचा दृष्टान्त

समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. कासवाच्या रक्तांतील क्षारांचें प्रमाण याच्या सुमारें एकतृतीयांश असतें. कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवलें, कीं त्यांस पाणी सुटतें व फोडी आक्रसतात, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. बाहेर मीठ अधिक व आंत कमी असलें, म्हणजे आंतील पाणी पातळ पडद्यांतून बाहेर ओढलें जातें. खाऱ्या हौदांतील कासवाचें तेंच होतें. त्याच्या त्वचेंतून व तोंडांतील मऊ भागांतून पाणी बाहेर जातें, आणि खातांना जें पाणी पोटांत जातें त्याबरोबर मीठ आंत येतें.

हें मीठ बाहेर टाकावें कसें? आपण मनुष्यें मूत्रावाटें बरेंच मीठ टाकतों. कासवाचीं मूत्रपिंडें सर्पवर्गाच्या इतर प्राण्यांप्रमाणें दुबळीं असतात. रक्ताहून अधिक खारट मूत्र त्यांस तयार करतां येत नाहीं. समुद्रकासवांस निसर्गानें याची तोड दिली आहे. त्यांच्या डोळ्यांपाशीं एक मोठी ग्रंथि असते व तींतून दाट खारट पाणी पाझरतें. किनाऱ्यावर अंडीं घालणारी कासवी रडते असें लोक म्हणतात, तें याच पाझरण्यामुळें. स्लायडरपाशीं अशी समर्थ ग्रंथि नाहीं. खाडीच्या तोंडाशीं, किंचित् मचूळ पाण्यांत तें कांहीं काळ तग धरतें. परंतु पूर्ण खाऱ्या पाण्यांत त्याचें अन्न तुटतें, डोळे खोल जातात, हालचाल मंदावते. कासव मुळांतच मंद असल्यामुळें घरच्या माणसांस हें पुष्कळ दिवस कळत नाहीं, आणि कळतें तेव्हां फार उशीर झालेला असतो.

कोणी म्हणतील, कासवाच्या कातडीस रोग झाला असतां पशुवैद्य मिठाच्या पाण्यांत त्यास ठेवावयास सांगतात, तें कसें? तें औषध आहे. थोडा वेळ, मोजलेल्या मिठांत, आणि पुन्हां गोड्या पाण्यांत. काढा औषध म्हणून घेतात; पिण्याच्या पाण्याऐवजीं घेत नाहींत.

खरें खाडीचें कासव

आतां या नियमास एक खरा अपवाद आहे, आणि टेरापिन हें नांव मुख्यत्वें त्याचेंच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तरेस केप कॉडपासून दक्षिणेस फ्लॉरिडा व तेथून मेक्सिकोच्या आखाताच्या कडेनें टेक्ससपर्यंत, भरतीओहोटीच्या दलदलींत डायमंडबॅक टेरापिन राहतें. त्याच्या पाठीच्या प्रत्येक ढलप्यावर एकांत एक अशीं हिऱ्याच्या आकाराचीं वलयें असतात. राखी रंगाच्या त्वचेवर काळे ठिपके. तोंड पांढुरकें, जणूं मिशा कोरल्यासारखें. मादी नराहून बरीच मोठी. तिचें कवच सुमारें नऊ इंच भरतें, नराचें पांचांच्या आसपास. खाडीच्या गवतांतील गोगलगाई, लहान खेकडे व शिंपले हें त्याचें अन्न.

या कासवाच्या डोळ्यांपाशीं मीठ टाकणारी ग्रंथि आहे. पण ती समुद्रकासवाच्या ग्रंथीइतकी समर्थ नाहीं. म्हणून खाऱ्या पाण्यांत राहूनहि यास गोडें पाणी प्यावेंच लागतें. तें मिळवण्याची त्याची युक्ति मोठी कौतुकाची आहे. पाऊस पडला म्हणजे गोडें पाणी हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर त्याचा पातळ थर कांहीं वेळ तरंगतो. हें कासव वर येऊन नेमका तेवढाच थर पितें. कधीं मान वर करून पडता पाऊसहि तोंडांत झेलतें. पाऊस नसेल तेव्हां तें खाडीच्या आंतल्या अंगास, कमी खाऱ्या पाण्याकडे सरकतें. नुकत्याच जन्मलेल्या पिलांवर प्रयोग करून असें दिसलें आहे, कीं समुद्राच्या पाण्याच्या सुमारें एकचतुर्थांश खारेपणांत तीं उत्तम वाढतात. गोडें पाणी न देतां पूर्ण समुद्रपाण्यांत ठेवलीं असतां त्यांची वाढच खुंटते. म्हणजे ज्या टेरापिनाचा जन्मच खाडींत, त्याससुद्धां निव्वळ समुद्र मानवत नाहीं.

या प्राण्याचा इतिहास खेदकारक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील धनिकांच्या मेजवान्यांत याचें सार मानाचें ठरलें आणि चेसापीक उपसागरांतून हीं कासवें इतकीं उपसलीं गेलीं, कीं तेथील सरकारनें विसाव्या शतकाच्या आरंभीं नॉर्थ कॅरोलायना प्रांतांतील बोफर्टच्या मत्स्य-प्रयोगशाळेंत त्यांची पैदास करून पाहिली. पुढें खाण्याची आवड बदलली. इ. स. १९२० च्या दारूबंदीनंतर सारांत घालावयाची मदिरा मिळेनाशी झाली, हेंहि त्याचें एक कारण सांगतात. आतां संकट निराळें आहे. खेकडे धरण्यासाठीं पाण्याखालीं ठेवलेल्या पिंजऱ्यांत हीं कासवें आमिषाच्या लोभानें शिरतात, आणि हवेवर श्वास घेणारा प्राणी असल्यामुळें आंतल्या आंत बुडून मरतात. मेरीलँड प्रांतानें यांची व्यापारी पकड इ. स. २००७ मध्यें बंद केली; इ. स. २०१३ पासून वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारांत यांचा समावेश होऊन परवान्याशिवाय परदेशीं पाठवण्यास मनाई झाली.

आपल्या देशांतहि खाडीचें एक टेरापिन आहे. सुंदरबनांतील बाटागुर बास्का हें तें होय. एके काळीं हीं कासवें व यांचीं अंडीं कलकत्त्याच्या बाजारांत ढिगांनीं येत. आज हा प्राणी जगांतील अतिशय दुर्मिळ कासवांत मोडतो, आणि सुंदरबनांतील सजनेखाली येथें त्याची जपून पैदास केली जात आहे. त्यास घरांत आणण्याचा विचारहि मनांत येऊं नये हें सांगणें नको.

असा हौद कसा असतो

ज्या देशांत परवानगीनें डायमंडबॅक पाळतां येतें, तेथील जाणते लोक हौद कसा मांडतात तें पाहिलें म्हणजे आपला मूळ प्रश्न निकालांत निघतो. ते समुद्राचें पाणी घेत नाहींत. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरनें मोजून तें १.००५ ते १.०१० यांच्या दरम्यान ठेवतात. समुद्राचें सुमारें १.०२५ असतें. त्यासाठीं स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. समुद्रांतील मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे क्षार योग्य प्रमाणांत असलेलें तयार मिश्रण घ्यावें लागतें. कासवास पूर्ण कोरडें होऊन बसतां येईल असा ओटा, त्यावर उष्णतेचा दिवा व अतिनील किरणांचा दिवा, आणि पिण्यास गोडें पाणी, या गोष्टी आवश्यक समजतात.

आतां याच्या शेजारीं प्रवाळाचा हौद ठेवून पाहा. प्रवाळास पूर्ण खारें, अत्यंत स्वच्छ पाणी लागतें; खारेपणा चौथ्या हिश्श्यावर आणला तर तें मरतें. खारेपणा पूर्ण ठेवला तर कासव झिजतें. शिवाय कासव म्हणजे माशासारखा चिमटीभर खाणारा प्राणी नव्हे. तें पाणी झपाट्यानें घाण करतें, गोगलगाई व खेकडे फोडून खातें, आणि सांपडेल तो मासा धरतें. तेव्हां प्रवाळ, समुद्रमासे व टेरापिन एकत्र सुखानें नांदतील असा हौदच संभवत नाहीं. दुकानांत तसा मांडून दाखवला असला, तर तो विक्रीपुरता मांडलेला देखावा समजावा.

घरीं आधींच कासव असेल तर

आपल्या संतवाङ्मयांतील कासवीचा दृष्टान्त सर्वांस परिचित आहे. पिलें एका तीरावर, माय दुसऱ्या तीरावर, आणि ती केवळ कृपादृष्टीनें त्यांचें पोषण करते. भक्तिमार्गांत हा दृष्टान्त फार गोड आहे. प्राणिशास्त्रांत मात्र तो खरा नाहीं. कासवी अंडीं पुरून निघून जाते व पिलें जन्मतःच पोरकीं असतात. हौदासमोर बसून कौतुकानें पाहणाऱ्या कुटुंबानें हें ध्यानांत ठेवावें, कारण नुसत्या पाहण्यानें कोणाचेंहि पोट भरत नाहीं.

स्लायडर घरीं असेल, तर त्यास ताबडतोब खाऱ्या हौदांतून काढून गोड्या पाण्यांत ठेवावें. नळाचें पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठीं रात्रभर उघडें ठेवून घ्यावें, किंवा क्लोरीन काढण्याचें औषध घालावें. पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश सेल्सिअस, आणि कोरड्या ओट्यावर दिव्याखालीं सुमारें ३२ अंश असावी. खिडकींतून ऊन येतें म्हणून कांहींजण दिवा लावीत नाहींत. परंतु कवच घट्ट होण्यास जे अतिनील किरण लागतात, ते खिडकीच्या कांचेंतून आंत येत नाहींत. सकाळच्या कोंवळ्या उन्हांत गच्चीवर पसरट टोपांत थोडा वेळ ठेवणें चांगलें. मात्र अर्धा भाग सावलींत असावा व कावळ्या-मांजरांपासून राखण ठेवावी. भर उन्हांत कांचेचा हौद ठेवणें म्हणजे कासव शिजवण्यासारखें आहे.

आहाराविषयीं आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं एक अडचण येते, ती स्पष्टच बोललेली बरी. स्लायडरचें पिलूं मुख्यतः मांसाहारी असतें. गांडुळें, कोळंबी, लहान मासे हें त्याचें अन्न. मोठें झाल्यावर तें पालेभाज्या व पाणवनस्पति अधिक खातें, तरी मांस अजिबात सोडीत नाहीं. बाजारांत मिळणाऱ्या तयार गोळ्यांतहि मत्स्यचूर्ण असतें. पुष्कळ घरांत सोंवळ्यापायीं त्यास भात, पोळीचा तुकडा, काकडीची चकती यांवर ठेवतात. अशा कासवाचें कवच मऊ पडतें, आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावीं पापण्या सुजून डोळे मिटतात. मग अन्न दिसत नाहीं म्हणून तें उपाशीं राहतें. ज्या घरांत कोळंबी वा गांडुळें हाताळणें मनास रुचत नाहीं, त्या घरानें कासव आणूं नये. आपला आचार आपण पाळावा, तो दुसऱ्या प्राण्याच्या पोटावर लादूं नये.

दुसरी गोष्ट मुलांच्या आरोग्याची. कासवाच्या अंगावर व त्याच्या पाण्यांत सॅल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. कासव निरोगी दिसत असलें तरीहि. लहान मुलें पिलें तोंडांत घालतात व त्यांस तीव्र हगवण, ताप होतो, असें आढळल्यावरून अमेरिकेंत इ. स. १९७५ मध्यें चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठीं विक्री बंद करण्यांत आली. एकत्र कुटुंबांत पाळण्यांतलें मूलहि असतें, गरोदर सून असते आणि ऐंशीचे आजोबाहि असतात. म्हणून हौद स्वयंपाकघराजवळ किंवा देवघराशेजारीं ठेवूं नये, त्याचें पाणी भांडीं घासण्याच्या मोरींत ओतूं नये, पांच वर्षांखालील मुलांस कासव हाताळूं देऊं नये, आणि हात लावणाऱ्या प्रत्येकानें साबणानें हात धुवावे.

पुण्याचा मोह

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नाण्याएवढें आणलेलें पिलूं नीट जगलें, तर वितीहून मोठें होतें आणि वीस-तीस वर्षें जगतें. मुलगा शिकावयास परगांवीं जातो, मुलगी सासरीं जाते, हौद घाण मारूं लागतो. मग कोणीतरी सुचवतें, कीं देवळाच्या तळ्यांत किंवा नदींत सोडून यावें. तेवढेंच मुक्या जीवाला मोकळें केल्याचें पुण्य. हेतु सात्त्विक आहे, यांत शंका नाहीं. परिणाम मात्र तसा होत नाहीं. स्लायडर बळकट व खादाड असल्यामुळें आपल्या देशी कासवांचें अन्न व उन्हांत बसण्याच्या जागा तें बळकावतें, आणि परके रोग पसरवतें. जगांतील सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवजातींच्या यादींत त्याचें नांव आहे; युरोपीय संघानें इ. स. १९९७ मध्येंच त्याची आयात बंद केली. एका जीवाच्या सुटकेनें तळ्यांतल्या कित्येक जीवांवर संक्रांत येते. पाळणें अशक्य झाल्यास वनखात्याकडे किंवा प्राण्यांचा सांभाळ करणाऱ्या जाणत्या संस्थेकडे चौकशी करून त्यास तेथें पोंचवावें.

याच्या उलट, नदीकांठीं वा विहिरींत सांपडलेलें देशी कासव घरीं आणण्याचाहि मोह होतो. आपल्याकडील गोड्या पाण्याचीं कासवें व तारांकित भूकासव यांस इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्यांस पकडणें, विकत घेणें वा घरांत ठेवणें हा अपराध आहे. शुभ म्हणून ठेवलें, ही सबब कायद्यापुढें चालत नाहीं.

ज्या घरांत समुद्राच्या पाण्याचा हौद आहे, त्यांनीं तो माशांचा व प्रवाळांचाच ठेवावा. ज्यांस कासवाचें शुभत्व हवें आहे, त्यांस देवळांतील दगडी कूर्म किंवा देव्हाऱ्यांतील पितळी कूर्म पुरेसा आहे. त्यास गोडें-खारें कसलेंच पाणी लागत नाहीं. आणि मुलांचा हट्ट अगदींच मोडवत नसेल, तर त्यांस फाल्गुन-चैत्राच्या सुमारास वेळासला घेऊन जावें. वाळूंतून निघालेलीं पिलें स्वतःच्या पायांनीं लाटेकडे धावत जातात तें एकदां पाहिलें, म्हणजे खारें पाणी कोणत्या कासवाचें, हें मुलांस निराळें शिकवावें लागत नाहीं.